फोपनारच्या लिंबाखालची बोट

बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या फोपनारचं नाव बाहेरच्या माणसाने ऐकलं असेल तर ते बुद्धमूर्तींमुळे. १९६४ साली इथे कांस्याच्या बुद्धमूर्ती सापडल्या. वाकाटकांच्या काळातल्या, म्हणजे अजिंठ्याच्या लेण्यांच्या जवळपासच्या. आज त्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत, त्यामुळे मूर्ती पाहायला म्हणून गावात गेलात तर हात हलवत परत याल. गावात आहेत केळीच्या बागा, ठिबकच्या काळ्या नळ्या, घडांनी भरलेले ट्रक, आणि आमच्या मामांच्या अंगणात लिंबाखाली ट्रॉलीवर उभी असलेली एक पांढरी फायबरची मोटारबोट.

फोपनार हे माझं आजोळ. इंदूरहून निघालं की खंडवा मागे पडतं, असीरगडचा किल्ला डोक्यावर येतो, घाट उतरला की बऱ्हाणपूर. तिथून पुढे भाषा हळूहळू आपली होत जाते. दुकानावरची पाटी हिंदीत, आतला माणूस मराठीत, आणि त्या मराठीत निमाडी अन् खानदेशी इतकी मिसळलेली की पुण्याच्या माणसाला दोनदा विचारावं लागतं. रावेर तर शेजारीच, राज्याची हद्द ओलांडली की झालं. केळी दोन्हीकडे सारखीच.

अशा गावात बोट कशाला, हे मीही विचारलं होतं. माझा मामेभाऊ, म्हणजे दादा, पंपांचं काम करतो. बोअरमधली मोटर काढणं, जळालेली भरून देणं, इम्पेलर बदलणं. तीन वर्षांपूर्वी त्याने दोन मित्रांबरोबर गोव्याकडून ही जुनी बोट आणली आणि हनुवंतियाला एका ठेकेदाराकडे लावली, जशी आपण एखादी गाडी ट्रॅव्हल्सकडे लावतो. पावसाळ्यात आणि दुरुस्तीच्या वेळी ती फोपनारला येते. गावातली पोरं तिच्यात बसून फोटो काढतात. मामी तिच्यावर लाल मिरच्या वाळत घालतात. मामांनी मात्र पहिल्या दिवसापासून तिला 'तुझी म्हैस' असंच म्हटलंय, कारण दूध देण्याआधी तिला चारा फार लागतो.

हनुवंतिया ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नर्मदेवर पुनासाजवळ इंदिरा सागर धरण आहे. पायाभरणी इंदिरा गांधींच्या हस्ते १९८४ साली झाली. धरणाची उंची ९२ मीटर, आणि साठवणक्षमतेच्या हिशोबात मागचा जलाशय देशातला सर्वांत मोठा. खंडव्याहून मूंदीच्या रस्त्याने गेलं की हे पाणी अचानक समोर येतं आणि पलीकडचा काठ दिसत नाही. २०१६ पासून तिथे जलमहोत्सव भरतो. तंबू, क्रूझ, स्पीडबोटी, सगळी जत्रा. इंदूर-भोपाळची आपली किती तरी कुटुंबं एव्हाना जाऊन आली असतील.

त्याच पाण्याखाली हरसूद आहे. अख्खं बाजारपेठेचं गाव, २००४ साली रिकामं झालं. १९८९ च्या सप्टेंबरमध्ये याच हरसूदमध्ये मोठ्या धरणांविरुद्ध हजारो लोक जमले होते, त्यांत बाबा आमटे होते, मेधा पाटकर होत्या. मामा त्या सुमारास कामासाठी हरसूदला जात-येत. ते एकदाच माझ्याबरोबर हनुवंतियाला आले आणि काठावर खुर्ची टाकून बसले. बोटीत बसायला नाही म्हणाले, कारण विचारलं तर 'उन्हाचं नको' एवढंच.

तर ही बोट. अठरा फुटी, सात माणसांची. इंजिन तीन लिटरचं, चार सिलिंडरचं, १३५ हॉर्सपॉवरचं मर्क्रूझर, आणि रचना स्टर्नड्राइव्हची. म्हणजे इंजिन बोटीच्या आत, अगदी मागच्या टोकाला, झाकणाखाली. त्याची ताकद मागच्या भिंतीतून बाहेर येते, तिथे एक जाड पाय पाण्यात सोडलेला असतो आणि त्या पायाला खाली पंखा. पाय वळला की बोट वळते. बटण दाबलं की पाय थोडा मागे उचललाही जातो, हे लक्षात ठेवा, पुढे कामाचं आहे. व्होल्वो पेंटाने ही रचना १९५९ साली बाजारात आणली, त्यामागे जिम विन नावाचा अमेरिकन अभियंता होता. इंजिन बहुतेक वेळा मोटारगाडीच्याच घराण्यातलं असतं. दादाने झाकण उघडलं तेव्हा तो म्हणाला होता, "हे तर जीपसारखंच आहे की," आणि तिथेच त्याने ती घ्यायचं ठरवलं असावं.

अडचण अशी होती की बोट पळत नव्हती. पूर्ण थ्रॉटल दिला तरी ताशी ४६ किलोमीटर. सात माणसं बसली की नाक वर करून पाणी नांगरत राहायची, पाण्यावर चढायचीच नाही. ठेकेदाराने सांगून टाकलं की पुढच्या हंगामात 'स्पीडबोट'च्या फेऱ्या हव्या असतील तर ही चालणार नाही, साध्या फेरीचे पैसे मिळतील. मुंबईकडच्या एका विक्रेत्याने उपाय सुचवला, इंजिनच बदला. सहा सिलिंडरचं, १९० हॉर्सपॉवरचं घ्या. दोन भागीदार तयार होते. दादाच्या वाट्याला येणारी रक्कम म्हणजे त्या वर्षीच्या मृगबागेचे जवळजवळ सगळे पैसे. घरात त्या आठवड्यात कुणी कुणाशी नीट बोलत नव्हतं, हे मला मामींनी फोनवर सांगितलं.

इथे थोडा हिशोब करावा लागेल. शाळेतलं गणितच आहे, घाबरू नका. बोट एकदा पाण्यावर चढली की तिचा वेग ताकद आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. अचूक नियम नाही हा, पण छोट्या बोटी बांधणारे शंभरेक वर्षं याच अंदाजावर चालत आलेत. म्हणजे वेग १० टक्के वाढवायचा तर ताकद २१ टक्के वाढवा. दुप्पट वेग हवा तर चौपट ताकद. १३५ चे १९० केले तर ताकद ४१ टक्के वाढली, वेग फार तर १९ टक्के वाढेल, आणि मोठं इंजिन शंभर किलोच्या आसपास जड, तेव्हा त्यातलंही काही परत जाणार. उलट बाजूने पाहा. तोच १० टक्के वेग वजन १७ टक्क्यांनी कमी करूनही मिळतो. आणि वजन कमी करायला बहुतेक वेळा पैसे लागत नाहीत, कष्ट लागतात.

दादाने हे सूत्र कुठे वाचलेलं नव्हतं. त्याने बोट सरळ धर्मकाट्यावर नेली, जिथे केळीचे ट्रक तोलतात. ट्रॉलीसकट १९०० किलो. मग बोअरमधून मोटर काढायची घोडी आणि चेनपुली लावून बोट लिंबाखाली टायरांवर उतरवली आणि रिकामी ट्रॉली तोलून आणली, ४२० किलो. म्हणजे बोट १४८०. बोटीच्या पुस्तकात वजन १०८० लिहिलेलं. भरलेल्या टाकीचं ८० लिटर पेट्रोल म्हणजे ६० किलो, नांगर, दोर, बॅटरी, लाइफ जॅकेट यांचे आणखी ६०. हिशोब १२०० वर थांबायला हवा होता. वरचे २८० किलो कुठून आले?

तळाच्या फळीखालून. अशा बोटींच्या तळात फोम भरलेला असतो, बोट फुटली तरी तरंगत राहावी म्हणून. आधीच्या मालकाकडे ती बहुधा उघड्यावर पडून होती. फळीला जिथे जिथे स्क्रू मारलेले तिथून पावसाचं पाणी मुरत गेलं आणि फोमने ते स्पंजासारखं धरून ठेवलं. मागचं बूच काढलं की मोकळं पाणी निघून जातं, फोममधलं जात नाही. दादाने फळी उचलली आणि ओला फोम पावशीने कापून काढला. तो महिना मे होता. आपल्या निमाडाचं ऊन एरवी कुणाच्या उपयोगाचं नसतं, पण इथे त्याने महिनाभरात बोटीचं पोट असं वाळवलं की ठोकलं तर टणटण आवाज यावा. मग नवा, पाणी न पिणारा फोम भरला. ही पायरी काहीजण गाळतात, कारण फोम नसेल तर बोट आणखी हलकी. दादाने गाळली नाही. पुन्हा काट्यावर गेली तेव्हा १२२०. दोनशे साठ किलो पाणी ही बोट दोन हंगाम नर्मदेवर फिरवत होती, आणि त्या पाण्याचं भाडं पेट्रोलमध्ये भरत होती.

तळाला शेवाळ आणि चुन्यासारखा थर होता, तो बारीक वॉटर पेपरने घासून काढला. मागच्या तीन-चार फुटांवर गवंड्याची सरळ पट्टी आडवी धरून पाहिली. तिथे तळ आत दबला असेल तर बोट नाक खाली घालते आणि वेग खाते. तो सरळ होता. थ्रॉटलची केबल पूर्ण उघडते का, प्लग, कॉम्प्रेशन, हे सगळं तर त्याने पहिल्याच दिवशी पाहिलेलं. इंजिन निरोगी होतं.

राहिला पंखा. इथे फोपनारचा पंपवाला गोव्याच्या बोटवाल्यापेक्षा हुशार निघाला असं मी म्हणेन, आणि त्यात आजोळचा अभिमान थोडा मिसळला आहे हे धरून चाला. प्रॉपेलरवर दोन आकडे कोरलेले असतात, व्यास आणि पिच. पिच म्हणजे पंखा एक फेरा फिरला तर कागदावर किती पुढे जाईल ते अंतर, जसा स्क्रू लाकडात एका फेऱ्याला आत जातो. या बोटीला २१ इंच पिचचा पंखा होता. आधीच्या मालकाचा तर्क सरळ, एका फेऱ्यात जास्त अंतर म्हणजे जास्त वेग. पण तो पंखा फिरवायला इंजिनात दम पाहिजे. या इंजिनाला पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला ४४०० ते ४८०० फेरे फिरायला हवेत, पूर्ण ताकद तिथेच मिळते. मीटर दाखवत होता ३८५०.

"मोनोब्लॉकला मोठा इम्पेलर टाकल्यावर काय होतं?" दादाने मला विचारलं. मी गप्प. "मोटर लोड घेते, अँपिअर चढतात, तापते. शेतकरी म्हणतो मोटर बदल. मोटर नाही बदलायची, इम्पेलर बदलायचा. पंपाला अँपिअर बघ, बोटीला आरपीएम बघ. गोष्ट तीच."

गेल्या जानेवारीत चाचणी होती, तेव्हा मी बरोबर होते. पहाटे साडेतीनला फोपनार सोडलं. असीरगडच्या घाटात ट्रॉली मागे असली की बाकीची वाहनं अदबीने वागतात. खंडव्यात चहा झाला. दादाने हट्टाने सकाळची वेळ निवडली होती, पर्यटक यायच्या आत. महिन्याभरापूर्वीच, १८ डिसेंबर २०२४ ला, मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली होती. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. "चाचणी करायची तर पाण्यावर आपल्याशिवाय कुणी नको," एवढंच तो म्हणाला, आणि लाइफ जॅकेटचे बंद स्वतः ओढून बघितले, माझेही.

जलाशयावर धुकं होतं. पाणी इतकं स्थिर की बोट सोडताना वाईट वाटावं. आमच्या चाचणीची पद्धत साधी होती. टाकी अर्धी, माणसं दोन, वेग फोनच्या जीपीएसवर, बोटीच्या मीटरवर नाही. एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे, आणि सरासरी, म्हणजे वाऱ्याचा फायदा-तोटा निघून जातो. वही माझ्याकडे.

आधी जुनाच २१ चा पंखा, नुसतं वजन उतरल्याचा फरक कळावा म्हणून. ४१५० फेरे, ताशी ५२. मग काठाला येऊन पंखा बदलला. एक नट, एक पिन, दहा मिनिटांचं काम. १९ इंचाचा लावला. साधारण एक इंच पिच कमी केली की दीड-दोनशे फेरे वाढतात असा अंदाज असतो. आमचे चारशे वाढले, ४५५०, अगदी घराच्या मधोमध. आणि वेग ५७.

पण ५७ नुसत्या पंख्याने आले नाहीत. पायाचं ते बटण आठवा. पाय आत असेल तर बोटीचं नाक खाली दाबलेलं राहतं, अर्धी बोट पाण्याला घासत चालते. दादाने बोट पाण्यावर चढल्यावर बटण थोडं थोडं दाबायला सुरुवात केली. ५३, ५४. नाक उचललं गेलं, बाजूंना उडणारं पाणी मागे मागे सरकत गेलं, सुकाणू हातात हलकं झालं. ५६, ५७. आणखी एकदा दाबलं तशी बोट पुढे-मागे डुलू लागली, घोड्यासारखी, आणि इंजिनाचा आवाज एकदम वर गेला पण वेग पडला. पंख्याने हवा ओढली होती. एक टिचकी परत आत, आणि सगळं शांत. ताशी ५७ म्हणजे आपल्या बायपासवर काहीच नाही. पाण्यापासून दोन फुटांवर बसलेलं असताना मात्र डोळ्यांतून पाणी येतं आणि तुम्ही काही तरी ओरडत असता जे शेजारच्याला ऐकू येत नाही. मी काय ओरडले ते वहीत नाही.

माझ्या मते काम झालं होतं. दादाने मात्र ठेकेदाराकडच्या पाच पोरांना हाक मारली, बसा म्हणाला. सात माणसं. १९ च्या पंख्याने फेरे ४२५० वर अडकले आणि पाण्यावर चढायला बोटीने बराच वेळ घेतला. मग त्याने गोणपाटातून तिसरा पंखा काढला, १७ इंचाचा. सात माणसांसकट ४६५०, आणि बोट चटकन उठली. हाच पंखा दोघांवर पळवला तर ४९५० जातात, म्हणजे मर्यादेच्या वर, थ्रॉटल आवरता ठेवावा लागतो आणि वेगही ५५ च. माझा चेहरा बघून तो म्हणाला, "आपण दोघंच थोडेच तिकीट काढून बसणार आहोत?" सतरा इंचीच लागला, तोच आज आहे.

ठेकेदाराने स्टीलचा पंखा घ्या म्हणून सांगितलं होतं. पाती पातळ आणि ताठ, दोन-तीन किलोमीटर आणखी मिळतात, हे खरं आहे. दादाने ॲल्युमिनियमचाच ठेवला. कारण समजायला परतीच्या वाटेवर त्याने बोट हळू करून एका खाडीसारख्या भागाजवळ नेली. तिथे पाण्याबाहेर वाळलेली झाडं उभी होती, काळी, फांद्यांशिवाय. ही वर आलेली दिसतात तरी. हंगाम पुढे सरकतो, पाणी उतरत जातं, तसे आज हातभर खाली असलेले बुंधे उद्या वीतभर खाली असतात. त्यांवर ५५ च्या वेगाने पंखा आदळला तर ॲल्युमिनियमची पाती वाकतात आणि धक्का तिथेच संपतो, पंखा बदलून माणूस घरी येतो. स्टीलची पाती वाकत नाहीत, धक्का वर गिअरपर्यंत जाऊ शकतो. म्हणून फेऱ्या ठरलेल्या पट्ट्यातच, बोयांच्या आत. त्या पट्ट्याबाहेर दादाची बोट चालण्याच्या वेगाने चालते. त्याच्या भागीदारांना हे अजूनही पटलेलं नाही.

बोयांच्या ओळीपलीकडे, पाणी जिथे सर्वांत रुंद दिसतं, तिकडे बोट दाखवून मी विचारलं की हरसूद कुठे. दादाने हाताने अंदाजे दिशा दाखवली. मग इंजिन बंद करून त्याने मागचं झाकण उघडलं, पट्टा तपासला, पाय जिथे बोटीला जोडलेला असतो तिथल्या रबरी नळकांड्यावर बोट फिरवून चीर आहे का पाहिलं. ते रबर फाटलं तर पाणी आत शिरतं, उभी बोटही बुडू शकते. तुमच्यापैकी कुणाकडे परदेशात अशी बोट असेल तर वेगाच्या आधी हे रबर बघा, आणि दर हंगामात बघा.

मोठ्या इंजिनाचा विषय त्या महिन्यात मिटला. तीन महिन्यांची मजुरी दादाची स्वतःची, बाकी फोम, राळ, दोन जुने पंखे, एवढाच खर्च. मृगबागेच्या पैशांतून मामांनी विहिरीवर नवी केबल टाकली. बोट आता 'स्पीडबोट'च्या रांगेत लागते. रांगेतली सर्वांत वेगवान ती नाही, शेजारची एक बोट तिला सहज मागे टाकते. पण सात माणसं घेऊन ती पहिली उठते, आणि पेट्रोल कमी पिते, हे ठेकेदाराच्या लक्षात आलेलं आहे. त्याने त्याच्या दोन बोटी फोपनारला पाठवू का म्हणून विचारलं. दादाने सांगितलं, पाठवा, पण आधी धर्मकाट्यावरून आणा. मामी विचारत होत्या की मग मिरच्या कुठे घालायच्या.